बेळगाव राहिलं

दासरी काका पहाटे पाचलाच हजर,
होटगी रोडच्या फाटकाशी, कडक इस्त्रीच्या शर्टात,
बहिणीसाठी चादरींचं खोकं घेऊन.
"वजन किती तुमचं?" मी वहीवर पेन टेकवून.
"पासष्ट."
इरण्णा त्यांच्या पोटाकडे बघत खोकला.
"बरं, अठ्ठ्याहत्तर लिही. खोक्याचं वेगळं."

जुनं दोन आसनी विमान. त्याच्याभोवती मी फिरते.
प्रदक्षिणा नव्हे ही, देवाला कुणी ठोकून बघत नाही.
पंखाच्या कडेवरून तळहात. बिजागऱ्या. टायर.
पिटोच्या नळीवरचं लाल कापड काढून आत बॅटरी मारली:
गेल्या बुधवारी इथे कुंभारणीने चिखलाचं घर केलं होतं.
तशीच निघाले असते तर
वेगाचा काटा शून्यावर, आणि मी हवेत.

मग टाकीच्या तळातून काचेत इंधन घेतलं.
निळं, नीळ घातल्यासारखं.
आणि खाली एक थेंब, निळा नसलेला,
साबुदाण्याएवढा, गोल, निवांत.

"पाणीच ना? पाण्यानं काय होतंय?"
इंजिनाला तहान नसते, काका.
पुन्हा काढलं. पुन्हा थेंब.
पंख हलवले, थांबलो, पुन्हा काढलं.
सातव्या वेळी काच स्वच्छ.
इरण्णाने झाकणाचं रबर वाकवून दाखवलं, भेगाळलेलं;
परवाचा वळीव तिथून आत शिरलेला.
नवं कपाटात सापडून बसेपर्यंत साडेदहा.

सोलापूरच्या एप्रिलात साडेदहा म्हणजे एकेचाळीस.
तक्त्यावर बोट सरकवलं:
धावपट्टी पुरते. पुढची चढण जेमतेम.
हवा अशी, जसा धुऊन विरलेला स्वस्तातला पंचा,
धागे आहेत, धरायला काही नाही.
जेमतेम हा शब्द मी वहीत दोनदा लिहिला
आणि वही मिटली.

"नाही जायचं."

काका बरंच बोलले, आधी मराठीत, मग तेलुगूत.
तेलुगूतलं जास्त लागलं.
"वर बघ की जरा, एक ढग नाही!"
नव्हताच.

मी दोर काढले.
शेपटीची गाठ मारत होते तेव्हा ते उठले,
माझी गाठ सोडली,
आणि चाळीस वर्षं मागावर तुटके धागे जोडलेल्या बोटांनी
आपली घातली. ओढून बघितली.
पुन्हा ओढून बघितली.
"खोक्यात भाकरी आहे," म्हणाले,
"ती वजनात धरली नव्हती."