दाखला

फक्कीची चार पोती; चौथं ओलं निघालं,
म्हणून क्रॉस मैदानात उत्तरेची रेघ फिकी.
क्रिकेटवाल्यांशी सकाळी सातलाच भांडून झालं.

गोवंडीची शाळा आली बारा जणांनिशी.
तेरावा, इर्शाद, जन्मदाखल्यावाचून दोरीबाहेर.
मी यादीकडे पाहिलं, त्याच्या उसन्या बुटांकडे,
मग बागवे सरांकडे. ते केळी मोजत राहिले.

सरावाच्या पहिल्या दिवशी यानेच विचारलं होतं:
चेंडू मागेच द्यायचा, तर पुढे कोण जाणार?

जा, म्हटलं.

पाचव्या पकडीतून निसटून तो उत्तरेला कोसळला.
रेघेवर की अलीकडे? दोन्ही शाळा ओरडू लागल्या.
इर्शाद उठला,
कोपरापासून गालापर्यंत पांढरा.

एवढा दाखला मला पुरला.
शिट्टी वाजवली.

बागवे सर म्हणाले, सात केळी कमी पडतायत.