एकोणीस दिवस

एर्मेकने लॅपटॉप चुलीपासून लांब ठेवला,
मग बॅटरी गारठते म्हणून पुन्हा जवळ ओढला.
म्हणाला, बुरुलचा-एजे,
तुमच्या सगळ्या वह्या त्याला वाचायला दिल्या.

चव्वेचाळीस वर्षं, दिवसातून आठ वेळा.
माझं अक्षर, माझ्या आधीच्या पावेलचं डावरं अक्षर,
बोटं आखडली की चाराचा नऊ व्हायचा, तो आम्हा दोघांचा दोष.
सगळं त्यानं ओळखलं म्हणे.
चाराचा नऊसुद्धा.

आता त्याला सांगायचंय, ही हिमनदी किती दिवसांची.
खाली नारीनकाठचे धरणवाले थांबलेत,
खोऱ्यातले जर्दाळूवाले थांबलेत,
आणि मधेच हे भोक:
चौऱ्याण्णवचा जानेवारी, एकोणीस दिवस, कोरे.
ते त्यानं भरून काढलंय.
मी फक्त बघायचं, पटतंय का.

निळी रेघ. खाली, जराशी वर, पुन्हा खाली.
नवव्या रात्री उणे अडतीस.
वारा नाही.

वारा नव्हता, खरंय.
धूर ओळंब्यासारखा सरळ, फक्त उलटा.
"थंडी जास्त होती," मी म्हटलं.
"किती?"
आता किती ते कशावरून सांगू.
पगार बंद होऊन सात महिने,
कोळशाचा ट्रक घाटाच्या अलीकडे आलाच नाही,
कुणीतरी वाटेतच विकला,
आणि पोराच्या छातीत घरघर.
आधी स्टूल गेलं. मग मेंढ्यांच्या कोंडवाड्याचं दार.
मग अंगणातली ती पांढरी पेटी, झरोक्यांची,
जिच्या पोटात तापमापक टांगतात
ऊन लागू नये म्हणून.
तापमापक मी आधी काढला, लोकरीत गुंडाळला.
सरकारी होता.

तो पांढरा रंग जळताना ज्वाळा हिरवट येते.
हे कुठल्याच वहीत नाही.

एर्मेक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, तेवढ्या दिवसांपुरता चुकीचा पट्टा
थोडा रुंद करून ठेवतो.
आणि कारणाचा एक रकाना असतो, त्यात काय लिहू?
मी त्याच्या वाटीत चहा ओतला.
"लिही, निरीक्षक हजर होती."

बाहेर हॉर्न वाजला, दोनदा.
त्याला वर घेऊन आलेला टॅक्सीवाला,
अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय त्याला.
पस्तिशीचा, आडदांड, माझाच धाकटा,
जॅकेटची चेन सताड उघडी टाकून उभा
उणे बारात.