लेबलाखालचं लेबल

परभणीत जिंतूर रोडला माझं दुकान,
पाटीवर अजूनही 'रेडिओ दुरुस्ती'.
काचेआड एक पेटी बसलेली असते:
आत बॅटरी, सोबत घडीचं सोलर पॅनल,
उचलायला डबड्यासारखी कडी.

तिच्या पाठीवरचं लेबल नखानं खरवडलं
की खाली दुसरं निघतं.
साडेतेहतीस. एक्केचाळीस. बासष्ट हजार.
कांद्यासारखंच, पण सोलाल तसा महाग.

पहिली पेटी मंडपवाल्या मुनीरनं नेली,
बासष्टला, दोन वरातींचा ॲडव्हान्स मोडून.
आता येता-जाता आकडा वाचतो,
मी नजर चुकवतो.
"तीन वर्षं उजेड वापरला ना भाऊ,
तो काय परत घेणारेस?"

गयाबाई मात्र दर शनिवारी यायची.
पिको-फॉलची मशीन, दुपारची लाइट नाही,
लग्नसराईत साड्यांची चळत पडून.
"भाव उतरायलाय का?"
"उतरायलाय."
"मग थांबते."

खोटं कसं सांगू? उतरतच होता.
थांबता थांबता तिच्या चष्म्याचा नंबर वाढला,
सुईत दोरा नात ओवू लागली.

काल आली, भाव विचारलाच नाही.
पिशवीतून मशीनची मोटर काढली,
फडक्यात गुंडाळलेली, तेलकट.
"लावून दाव."

मोटर घरघरली.
रोडवरची लाइट तेव्हा गेलेलीच होती.
तिनं अठ्ठावीस हजार मोजले,
त्यात दहाच्या नोटाच किती.

रात्री डीलरचा मेसेज:
एक तारखेपासून अजून दोन हजार कमी.
नवं लेबल छापून ठेवलंय,
चिकटवायला हात होत नाही.