आठची गोळी

सकाळी आठ. रात्री आठ.
एकतीस वर्षं देवगड डेपोत कंडक्टर होतो,
गाडी कधी वेळेवर सुटली नाही माझ्यानं.
आता गोळी सुटते.

साठची असते, अर्धी करायची.
सुरीनं भुगा होतो
म्हणून अडकित्ता काढला,
माझी सुपारी सुटून सहा वर्षं झाली, धार शाबूत.
खट्.
आवाज ऐकून पडवीत वस्त्या उठतो,
पुढचे पाय आधी,
मग थोडा विचार,
मग मागचे.

नाव वस्त्या, कारण मिठबावच्या वस्तीच्या गाडीखाली
पिल्लू होऊन झोपला होता.
पहाटे साडेपाचला धुरी ड्रायव्हरनं स्टार्टर मारायच्या आधी
मी टायरमागं वाकून बघितलं, एवढंच.
त्याला तेरा वर्षं झाली.

पहिल्यांदा आलं तेव्हा अर्धी वाडी अंगणात.
'फेफरां ता, कांदो हुंगवा तेका.'
'चप्पल हुंगवा.'
'देवाक गाराणा घाला आधी.'
कांदा मी हुंगवला, खोटं कशाला बोलू.
तो कुशीवर पडून पळत होता,
चारी पाय, जोरात,
आणि जागचा हलत नव्हता.

तिरोडकर डॉक्टरबाई म्हणाल्या,
तोंडात हात घालायचा नाही, जीभ कोणी गिळत नाही.
आसपासचं सामान सारा, दिवा मालवा, घड्याळ बघा.
पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर मला उठवा,
कितीही वाजलेले असोत.

तर मी घड्याळ बघतो.
जुन्या कोऱ्या वेबिलांच्या पाठीवर लिहितो:
तारीख, वेळ, एक मिनिट चाळीस सेकंद, लघवी झाली, फेस.
नंतर अर्धा तास तो मला ओळखत नाही.
भिंतीकडेनं फिरतो, दाराला नाक लावतो,
झोपेत थांबा हुकलेला माणूस
भलत्याच गावात उतरतो तसा.
मी बोलत नाही. हात खाली धरून बसतो.
कधीतरी हाताचा वास घेतो.

गोळीनं भूक वाढली.
वाळत घातलेलं खोबरं खाल्लं, राण्यांचे सुके बांगडे खाल्ले,
भांडण मी खाल्लं.
पाणी पितो घागरभर.
चालताना मागचा भाग वेगळ्या रस्त्यानं जातो.
सहा महिन्यांनी रक्त काढतात, लिव्हरसाठी.
थर्मासात बर्फ घालून कणकवलीच्या गाडीनं धाडतो,
नवा कंडक्टर विचारतो, कोणाचं हो?
घरातल्याचं, म्हणतो.
केमिस्टच्या बिलावर छापून येतं:
पेशंट, वस्त्या जुवाटकर.

एकदाच चुकलो.
दशावतार होता, संकासूर रंगात आला,
मी पुढच्या रांगेत पोरासारखा.
घरी आलो तेव्हा चार वाजलेले.
रात्रीची गोळी ताटलीत तशीच,
आणि तो मोरीच्या उंबऱ्याशी.
पहाटेपर्यंत तीनदा आलं.
बाईंना फोन केला तेव्हा मला नीट बोलता येईना.
त्या एवढंच म्हणाल्या, चुकलेली लगेच द्या,
पण दुप्पट कधी देऊ नका.
तिकीट चुकवलेल्याला मी आयुष्यभर दंड लावला.
ह्याला दंड भरायची सोयच नाही.

पुण्याहून प्रज्ञा म्हणते, या ना चार दिवस.
येईन, म्हणतो.
तिला कळतं. तिचा मुलगा विचारतो,
आजोबा, वस्त्या कधी मरणार?
ती फोन काढून घेते.
मी रागावलो नव्हतो.
मीही विचारलंय, बाईंना, एकदा, जाता जाता.

बेचाळीस दिवस वेबिलावर एकच शब्द आहे:
निरंक.
कोऱ्या फेरीचा हा शब्द डेपोत लिहायला लाज वाटायची.

सोमवार असला तरी त्याच्यापुरता बांगडा शिजतो.
आज तुकडा गिळला, गोळी थुंकली.
शेणाच्या जमिनीवर ओली, पांढरी, अर्धी.
उचलली, धोतराला पुसली,
पुन्हा माशात दडवली.
चल रे, घे आता.
उरलेली अर्धी सकाळची आहे,
सुट्टे नाहीत माझ्याकडे.