पन्नास पावलांवर

एप्रिलमधल्या एका शनिवारी, दव वाळल्यावर,
रेमोंद पिवळ्या रंगाचा डबा माझ्या हाती देते.
कुंचला तिच्याकडे, तारेचा ब्रशही तिच्याकडेच,
जाकिटाच्या खिशात सुरी, सॉसेज
आणि नगरपालिकेचं दुमडलेलं पत्र.
मी चीजच्या कारखान्यात कामाला, उत्तरेकडून आलेला;
दोन वर्षं झाली तरी गावात ‘नवा’.
डबा धरायला नवाच माणूस बरा, ती म्हणते,
त्याला मधेच काही आठवत नाही.

दरीत बीचची झाडं अजून उघडी.
ओढ्याचा आवाज आधी डावीकडून, मग सगळीकडून.
ती खोडावरचं शेवाळ खरवडते,
घोड्याला खरारा करावा तशी,
मग एक आडवा पट्टा, वीतभर.
मागच्या वर्षीच्या चार खुणा सरपणात गेल्या.
कुणाच्या तरी अंगणातल्या ढिगात
चार पिवळे पट्टे असतील,
सरळ जा, म्हणत असतील, भिंतीकडे तोंड करून.

‘एकच वाट असेल तिथे रंग नासायचा नाही.
फाट्यावर खूण कोणीही करील.
तू फाट्यानंतर पन्नास पावलांवर कर.
माणूस घाबरतो तिथे.’

वर पठारावर झाडं संपतात.
वाऱ्याने लोळवलेलं हेदर, दलदलीतलं काळं पाणी,
आणि तांबड्या गाई, आपलंच काही हरवल्यासारख्या बघणाऱ्या.
आर्सेनने कुंपण यंदाही दहा पावलं सरकवलंय.
ती त्याच्याशी भांडत नाही,
त्याच्याच खांबावर पट्टा मारते, जरा रुंद.
दगडी क्रूसाच्या पायरीवर आम्ही पाव खातो.
क्रूसावर रंग लावायचा नसतो.
त्याच्या बाजूच्या धोंड्यावर लावायचा.

उतरणीवर, जुन्या चेस्टनटपाशी, ती पत्र उघडते.
फेब्रुवारीच्या पुरात साकव वाहून गेला;
पलीकडची वाट बंद करावी, असा ठराव.
पलीकडे लाव्हेर्न. चार घरं, एक पाणवठा,
त्यातल्या तिसऱ्या घरात ती सून म्हणून आली होती.
हे मला ठाऊक आहे.
नव्या माणसालाही काही गोष्टी कुणी ना कुणी सांगतंच.

चेस्टनटवर एक खूण आधीचीच आहे,
तिचा हात पोचत नाही इतकी उंच.
अल्सीदची. तो या गावातला सगळ्यात उंच माणूस.
झाड वाढलं तरी खूण वर सरकत नाही,
नुसती रुंद होते, तडकते,
पट्ट्याची आता पिवळी ठिपक्यांची ओळ झालीय.

‘मी पुसू का?’ मी विचारतो. ‘माझा हात पोचेल.’
ती डब्यात कुंचला बुडवते,
काठावर दोनदा निथळते,
आणि आपल्या खांद्याच्या उंचीवर फुली मारते.
एक रेघ. दुसरी रेघ.
आता एकाच झाडावर वरती: या.
खालती: इकडून नाही.

‘लोकांचा घोटाळा होईल,’ मी म्हणतो.
‘उंच माणसांचा होईल,’ ती म्हणते.
‘होऊ दे. पाणी गुडघाभरच आहे.’

नवी वाट वळसा घालून जाते, नेच्यांतून,
कुणाच्या पायाची अजून सवय नसलेली.
ती मोठ्याने पावलं मोजत पुढे जाते,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
थांबते, आणि कुंचला माझ्याकडे देते.

माझा पट्टा तिरपा आला.
खालच्या कडेने एक ओघळ निघाला, आणि तो
सालीच्या भेगेतून उतरत राहिला.
तिने बघितलं. चष्मा काढून पुन्हा बघितलं.
मग डब्याचं झाकण टाचेने ठोकून बसवलं
आणि चालू लागली,
माझी खूण सांगत होती त्या बाजूला.