खाचा

ओरोसला फिजिओथेरपीच्या खोलीत
मंजिरीबाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि चढा.
कशावर?
रोज कशावर चढायचात?

पायात तीन स्क्रू, कमरेला पट्टा,
आणि मी एकदम शेंड्यावर.
वर वारा होता, आचऱ्याची खाडी होती,
मुखाशी दोन होड्या, एक निळी,
कॅलेंडरावर असावं तसं सगळं.
छान, बाई म्हणाल्या. आता सांगा,
खालून निघताना पहिला पाय कुठला टाकलात?

एकतीस वर्षं माड चढतोय.
ह्या काठाला पाडेली म्हटलं की दिगू मयेकर.
आणि मला माझा पहिला पाय ठाऊक नव्हता.

घरी आलो. पडवीत खाट.
शेवंती तांदूळ पाखडत बसायची,
तिला वाटायचं, मी झोपलोय.
मी विहिरीकडच्या माडाखाली उभा असायचो.
लुंगी गुडघ्यावर खोचायची. कोयता मागे, आकडीला.
तळहात एकमेकांवर घासायचे.
उजवा. पहिला उजवा पाय.
एवढं सापडायला नऊ दिवस लागले.

मग एकेक खाच.
सातवी उथळ, माझ्या बापाने घाईत घातलेली.
बाराव्या खाचेपाशी मुंगळ्यांची वाट,
थांबून त्यांना जाऊ द्यायचं.
विसाव्या खाचेला पिंडऱ्या भरून येतात,
आणि देवाशप्पथ, खाटेवर पडल्यापडल्या त्या भरून यायच्या.
उत्तरेच्या अंगाला शेवाळ, तिकडे टाच टेकायची नाही.
एखाद्या दिवशी काही लागायचंच नाही,
खोडाच्या जागी सलाईनचा दांडा उभा.
तेव्हा डोळे उघडून वासे मोजायचो.
असे दिवस बरेच होते.

बावन्न खाचा, मग झावळीच्या देठाला मिठी.
सुकी चुडतं ओढायची, पोयीला धक्का लागू द्यायचा नाही,
पेंडीच्या दांड्यावर कोयता,
आणि खाली धप्प, धप्प.
आवाज ऐकू आला त्या दिवशी शेवंतीला हाक मारून सांगितलं.
ती म्हणाली, "मगे त्येंचीच सोलकढी करतंय."

पुढच्या मंगळवारी बाईंना सांगितलं, खाच न् खाच.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
आणि उतरलात कसे?

मी गप्प.

चढताना माणूस बघतो. उतरताना पाय बघतो,
आंधळा, अंगठ्याने चाचपत.
पडलो होतो तो उतरतानाच,
एकेचाळिसाव्या खाचेवरून.
डोक्यात तेव्हा पुढचा माड होता, त्याच्या पुढचा,
आणि चवथीआधी व्हायचे तीनशे नारळ.
एवढं लख्ख दिसत होतं ते सगळं
की पायाखालचं दिसलं नाही.

मग उलटं करायला घेतलं.
एक्कावन्न. पन्नास.
एकेचाळीसवर महिनाभर लटकलो.
शेवंती जेवायला हाक मारायची, मी तिथेच,
खोडाला मिठी मारून, घामाघूम,
डावा पाय खाली सोडलेला, खाच मिळत नाही.
मनातला पायसुद्धा घाबरतो,
हे बाईंच्या वहीत नव्हतं.
एका दुपारी मिळाली. विशेष काही झालं नाही.
अंगठा टेकला, मग चवडा. चाळीस.

मार्गशीर्षात पट्टा सुटला.
काठी विहिरीच्या कठड्याला टेकवून
खोडाला हात लावला.
शेवंती बोलली नाही, फक्त कळशी खाली ठेवली.
उजवा. डावा. चारच खाचा.
वर शेंडा हलत होता, मी बघितलं नाही.
मग डावा सोडला, चाचपला.
दोन. एक.
आणि माडाच्या मुळाशी ओली, गार वाळू.

"काय झाला?" ती म्हणाली.
"काय नाय. उतरलंय."