नावे

कोटात, जकातखात्याच्या माडीवर
मी आकडे उतरवतो. मल्हार दोंदे,
महिना बावीस रुपये, बोरू स्वतःचा.

कार्तिकात घाटावर लढाई लागली.
इथे तोफ ऐकू आली नाही.
मला कळलं ते तुपाच्या रकान्यावरून.

पनवेलचे पडाव येईनात.
तूप निम्मं, हळद पाव, तंबाखूपुढे पूज्य.
मांडवीवरचा काटेवाला दिवसभर
तराजूची साखळी घासत बसायचा.

जमा वाळत गेली
आणि खर्चाला पाय फुटले, बैलांचे.
दर बैली अठ्ठावीस, मग चाळीस,
मग भाव न विचारता, दिसेल तो.
पखाली, शिसं, कामाठ्यांचा रोज,
गोऱ्यांची दारू, जखमींच्या डोल्या,
टाकसाळीला रात्रीचं तेल मंजूर.
शेवटी सायबाने सराफांना वर बोलावलं.
वखतचंद शेठ जिना चढताना धापा टाकत होते,
उतरताना नाही.
शेकडा नऊ.

पौषात तेरीज आली:
मेले बैल तीनशे बारा, किंमत नावे टाकावी.
टाकली.
माझ्या बहिणीचा नवरा, येसाजी फणसे,
तिकडच्या पागेत होता.
त्याची बातमी एका पखालजीने आणली, तोंडी.
तो आमच्या वहीत कुठेच बसत नव्हता.
नावे टाकायला तो आमचा खर्च नव्हता,
आणि जमेला...
तसं कुणी लिहीत नाही.

फाल्गुनात सायेब म्हणाला, नवा रकाना आख.
डोक्यावर लिही: घाटावरचा मुलूख, वसूल.
मी पट्टी धरली, तरी रेघ डावीकडे गेली.
खरवडून पुन्हा मारली.
कागद त्या जागी अजून पातळ आहे,
उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं.
ज्या गावांतून बैल धरून नेले
त्याच गावांचा सारा आता
त्या बैलांच्या कर्जाचं व्याज फेडत होता.
बेरीज चोख. मी तीनदा पडताळली.

पडाव पुन्हा येऊ लागले.
एकातून बहीण उतरली,
कपाळ मोकळं, कडेवर मूल,
आणि माझ्यासाठी बुधलाभर तूप,
फडक्याने तोंड बांधलेलं.
काटेवाल्याने बुधला वजनाला लावला.
मी माडीवरून पाहत होतो. खाली गेलो नाही.

संध्याकाळी चिठ्ठ्या वर आल्या.
तूप, बुधला एक, पनवेलहून,
जकात अडीच आणे.

बोरू बुडवला.
जमा.